ठामपणाचे दहा गुण

चौतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावरही पडेगावच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी दहा-बारा मुलं जमतात. त्यांना शिकवण्यात माझा दिवस चांगला जातो. एकच गोष्ट पाच वेळा समजावून सांगायला मी कधी कंटाळलो नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

वादविवाद स्पर्धा जवळ आली की मी मुलांना शब्दांची एक यादी पाठ करायला द्यायचो. ऑब्व्हियसली, क्लिअरली, अनडाउटेडली, सर्टनली. म्हणजे उघडच आहे, स्पष्टच आहे, शंकाच नाही, नक्कीच. "वाक्याच्या तोंडाशी यातला एक शब्द बसवा," मी सांगायचो, "की समोरचा 'कशावरून?' असं विचारायलाच घाबरतो." मुलं हसायची, पाठ करायची आणि बक्षिसं आणायची.

प्रांजली आठवीत होती. तिचे वडील सोनाजी मेंढरं राखतात, आई बानाबाई बांधकामावर जाते. सुट्टीच्या दिवशी पोरगीही मेंढरांमागे दौलताबादच्या रस्त्यानं डोंगराकडे जायची. इंग्रजी तिनं माझ्याच ओट्यावर कमावलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेतून तीन मुलं पुण्याच्या आठ दिवसांच्या शिबिराला जाणार होती, आणि तिला तिथं जायचंच होतं. ओट्यावर आली की आधी विचारायची, "सर, शिबिरात रोज इंग्रजीतच बोलतेत का हो सगळे?"

यंदाचा विषय होता, 'डोंगरावरील चराईवर बंदी असावी'. चिठ्ठी काढली तर तिच्या वाट्याला 'असावी' ही बाजू आली. दोन दिवसांनी तिनं भाषण लिहून आणलं. मी वाचू लागलो. समटाइम्स मेंढरं लहान रोपं खातात. मोस्टली उन्हाळ्यात, गवत संपल्यावर. प्रोबॅब्ली शेळ्यांमुळे नुकसान जास्त होतं. म्हणून निदान उन्हाळ्यात डोंगर बंद ठेवावा आणि मेंढपाळांना दुसरी जागा दाखवावी.

"समटाइम्स, मोस्टली, प्रोबॅब्ली," मी मोठ्यानं वाचलं. "हे भाषण आहे का हवामानाचा अंदाज?"

सगळी पोरं खिदळली. प्रांजलीही हसली, पण वही तिनं सोडली नाही.

"पण सर, मेंढरू कधी खातं, कधी नाय खात. अन् मी आमचीच पाहिलीत. बाकीच्यांचं मला म्हाईत नाय."

"माहीत नाही, हे स्पर्धेत सांगायचं नसतं, बाळा. 'बहुतेक' म्हटलं की गेला तुझा नंबर."

"मग खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. ठाम बोलायचं."

तिच्या हातातून वही घेऊन मी तिचे सगळे समटाइम्स खोडले. त्यांच्या जागी माझे शब्द लिहिले. ऑब्व्हियसली, मेंढपाळांना झाडांची पर्वा नसते. अनडाउटेडली, डोंगर उजाड झाले ते त्यांच्यामुळेच. तिनं ते दोनदा वाचलं आणि शेवटी "बरं" म्हणाली. तो 'बरं' मी होकार समजलो. चौतीस वर्षांत मुलांचे असे किती 'बरं' मी होकार समजून पुढे गेलो असेन, कोण जाणे.

पहिली फेरी हर्सूलच्या एका शाळेत झाली. सोनाजी मेंढरं भावाकडे सोपवून आला होता. स्वच्छ धोतर, लाल पागोटं, मागच्या रांगेत अगदी कडेला बसलेला. प्रांजली खणखणीत बोलली. टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला आणि ती जिल्ह्यासाठी निवडली गेली.

बाहेर लिंबाखाली सोनाजी मला भेटला. तोंडभर हसत होता.

"गुर्जी, लई टाळ्या पडल्या. काय म्हनली हो पोरगी?"

प्रांजली माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "झाडांबद्दल बोलली. छान बोलली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, मी म्हणलं, मेंढरंवाल्यांला झाडाची काई पर्वा नसती. डोंगर त्यांनीच उजाड केला."

सोनाजीचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू ओसरलं.

"आसं म्हनलीस? सगळ्यांम्होरं?"

"व्हय."

"अन् खरं वाटतं तुला ते?"

"थोडं खरं हाय. सगळं नाय."

"मग थोडंच म्हनायचं व्हतं, बाय." एवढंच बोलून तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "तुमच्या करमाडच्या रानात आमची मेंढरं बसायची, गुर्जी. तुमचे वडील मानूस धाडून बोलवायचे माझ्या बापाला."

मला ते आठवत होतं. सुगी झाली की रानात मेंढरं बसवायची, चार-पाच रात्री. त्यांच्या लेंड्या-मुतानं जमीन कसदार व्हायची, आणि जाताना मेंढपाळाला ज्वारी द्यायची. त्याच रानातल्या ज्वारीवर मी शिकलो. त्यांना पर्वा नसते, हे वाक्य लिहिताना यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं.

"ते वाक्य तिचं नाही," मी म्हणालो. "माझं आहे. तिनं 'कधीकधी' लिहिलं होतं. मी खोडलं."

सोनाजी पोरीच्या खांद्यावर हात ठेवून रस्त्याकडे निघून गेला.

चार दिवस प्रांजली ओट्यावर आली नाही. पाचव्या दिवशी आली ती भाषण पुन्हा लिहूनच. सगळे समटाइम्स जागेवर होते. आणखी एक वाक्यही होतं: हे मी आमच्या कळपावरून सांगते, बाकीच्यांचं मला ठाऊक नाही.

"सर, हे असंच म्हणणार मी," ती म्हणाली. "नंबर गेला तरी."

"असंच म्हण," मी म्हणालो. उच्चार सोडून कशालाही हात लावला नाही. दुसऱ्यांदा वाचताना मला कळलं, की बंदीच्या बाजूनं इतकं पटणारं मी कुणाकडूनच ऐकलं नव्हतं.

जिल्ह्याची फेरी शहरातल्या एका मोठ्या सभागृहात झाली. ती शांतपणे बोलली. पहिली आलेली मुलगी दर वाक्याला ऑब्व्हियसली म्हणत होती, आणि परीक्षक माना डोलवत होते. प्रांजलीचा पाचवा नंबर आला. शिबिर हुकलं.

संयोजक शिवराज माझाच जुना विद्यार्थी. त्यानं गुणांचा कागद आणून दिला. प्रांजलीनं तो खुर्चीवर ठेवून एकेका रकान्यावर बोट फिरवलं.

"मुद्दे, दहापैकी नऊ. उच्चार आठ. मांडणी नऊ." बोट थांबलं. "ठामपणा, तीन." ती थोडा वेळ मनातल्या मनात बेरीज करत राहिली. "सर, हा रकाना नसता तर मी दुसरी आले असते."

"हो."

"ठामपणा म्हंजे काय धरतेत ह्यात?"

हा तक्ता मी केला होता. नऊ वर्षांपूर्वी समितीनं माझ्याकडून गुणांची पद्धत मागवली, तेव्हा हा रकाना मीच घातला, आणि खाली बारीक अक्षरात परीक्षकांसाठी सूचनाही लिहिली: 'कदाचित, बहुतेक, कधीकधी असे शब्द आल्यास गुण कमी करावेत.' ती सूचना अजून तशीच छापून येत होती. प्रांजलीनं अजून वाचली नव्हती.

मी तिला ती दाखवली. "हे मी लिहिलंय," म्हणालो.

तिनं ओळ वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हंजे मला तुम्हीच पाडलं?"

"हो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बाहीनं पुसलं आणि बाकीच्या मुलांकडे बघत उभी राहिली. मी काही समजावून सांगितलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच.

मी व्यासपीठाशी गेलो. शिवराज लगबगीनं खुर्ची पुढे करत म्हणाला, "बसा ना सर. यंदाही तुमचाच तक्ता वापरला बरं का, एक अक्षर बदललं नाही!"

मी बसलो नाही. आजचा निकाल आता बदलणार नव्हता, हे मला माहीत होतं. प्रांजली दोन पावलं मागं येऊन थांबली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिच्यादेखत मी शिवराजला सांगायला सुरुवात केली, की या तक्त्यात मी काय चुकलो आणि त्यामुळे आज कुणाचं काय गेलं.