हिरवा ठिपका

पाहुण्या खेळाडूला जेवायला न्यायचं ते बचाव फळीच्या कप्तानाने, अशी टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पद्धत होती. ती कुणी घातली हे कुणालाच माहीत नव्हतं. मार्च आला, जुने करार संपून खेळाडू मोकळे झाले, की संघ विमानाची तिकिटं पाठवी, डॉक्टर पाहुण्याचे गुडघे वाकवून बघत, कोच फळ्यावर रेघोट्या मारून दाखवत, आणि संध्याकाळी कप्तान त्याला सरोवराकाठच्या मासळीच्या हॉटेलात घेऊन जाई. डॉक्टर काय आणि कोच काय, सगळीकडे सारखेच. पाहुणा सही करतो तो जेवणावर, असं वेंडेल ऍडकिन्सचं ठाम मत होतं. सहा वर्षं कप्तान राहिलेल्या माणसाला असं मत परवडतं.

यंदाचा पाहुणा तर त्याने स्वतःच मागून घेतला होता. गेला हंगाम टोलेडोच्या बचाव फळीने ज्याला त्याला वाट करून देण्यात घालवला होता. समोरच्याने चेंडू पोटाशी धरून मधोमध मुसंडी मारावी आणि यांनी त्याच्या पाठीवरचा नंबर वाचत राहावं, असला प्रकार. वेंडेल लाइनबॅकर. म्हणजे पुढच्या धिप्पाड फळीच्या मागे उभं राहायचं आणि फळी फुटली की येईल त्याला छातीवर घ्यायचं. एकट्याने किती जणांना घेणार? संघबांधणी ज्याच्या हातात होती त्या हॉलिस्टरला त्याने हंगाम संपताच गाठलं होतं. माझ्या शेजारी एक भक्कम माणूस आणा, मग बघा, असं सांगितलं होतं. हॉलिस्टरने मान डोलावली होती. हॉलिस्टरची मान सगळ्यांसाठीच डोलत असे, पण ते वेंडेलच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्याला आणखी एक वर्ष हवं होतं. एकच. वय तेहतीस, म्हणजे या खेळात आजोबाच; सकाळी उठलं की गुडघा आधी कुरकुरायचा आणि मग माणूस उठायचा. पण इतक्या वर्षांत टोलेडोने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नव्हता. एक तरी जिंकल्याशिवाय घरी बसून अंगणातलं गवत कापायची त्याची तयारी नव्हती. शेजारी माणूस आला तर जमेल, असं तो घोकत असे, आणि त्याची बायको जॅनेल ते ऐकून ऐकून कंटाळली होती.

तो भक्कम माणूस म्हणजे सिओने लोलोहेआ. सॉल्ट लेकमधल्या, टोंगा बेटांवरून आलेल्यांच्या वस्तीत वाढलेला, दारातून येताना खांदे तिरके करणारा, आणि एवढा देह असून आवाज मात्र चर्चमध्ये बोलावा तसा. हॉटेलातल्या खुर्चीने त्याला बघून धसकाच घेतला असेल. पाणी आलं तसं त्याने डोळे मिटून प्रार्थना केली. ती संपेपर्यंत वेंडेलही हात मांडीवर ठेवून गप्प बसला. त्यानंतर मात्र तो सुटला. इथली पर्च मासळी कशी कुरकुरीत तळतात, शाळा कुठल्या चांगल्या, थंडीचा बाऊ कसा उगाच करतात, सगळं झालं. आपण दोघं शेजारी उभे राहिलो तर मधून मुंगीसुद्धा जाणार नाही, हेही त्याने टेबलावर मिठाची आणि मिरीची बाटली शेजारी शेजारी ठेवून दाखवलं.

सिओने ऐकत होता. हसायचं तिथे हसत होता. मग पावाला लोणी लावता लावता त्याने विचारलं, "हिरवा ठिपका सध्या इथे कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे," वेंडेल म्हणाला. "सहा वर्षं झाली."

सिओनेची सुरी थांबली. "मला दिलाय म्हणाले ते."

बचावाच्या अकरा जणांत एकाच्याच हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. कोच कडेला उभा राहून त्याच्या कानात डाव सांगतो, आणि तो बाकीच्या दहांना ओरडून सांगतो. ते हेल्मेट लांबून ओळखू यावं म्हणून त्याच्या मागे हिरवा ठिपका चिकटवतात. ठिपका ज्याचा, फळी त्याची. तो काढून घेतलेल्या तेहतीस वर्षांच्या लाइनबॅकरला कुणी शेजारी उभं करत नाही, त्याला निरोप देतात. हे सिओनेला माहीत होतं, वेंडेलला माहीत होतं, आणि मासळी घेऊन आलेल्या वेटरलाही बहुधा माहीत असावं, कारण तो बश्या ठेवून काही न विचारता निघून गेला.

वेंडेलला पहिल्यांदा राग आला तो पोराच्या सैल जिभेचा. मग हॉलिस्टरचा. मग स्वतःचा, आणि तो बराच वेळ टिकला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि वर त्या धोंड्याला पर्च खाऊ घालायची. मीठमिरीच्या बाटल्या अजून तशाच शेजारी उभ्या होत्या. त्याने त्यातली एक उचलून उगाचच मासळीवर शिंपडली.

"फीनिक्सवालेही बोलावतायत," सिओने म्हणाला. "उद्या सकाळी मला एकाला हो म्हणायचंय. तू सांग भाऊ. यावं का मी इथे? तू नको म्हणालास तर मी तिकडे जातो. खरंच जातो."

इतकं सोपं होतं ते. पेट्राकिस, म्हणजे बचावाचा कोच, चिडला की शिव्या देतो, हे तर खोटंही नव्हतं. मैदानातली जमीन थंडीत दगडासारखी होते, तिच्यावर चार जणांचे गुडघे गेले, हेही खरंच. यातलं काहीही सांगितलं असतं तर सिओने सकाळच्या विमानाने फीनिक्सच्या उन्हात गेला असता, आणि वेंडेलचं एक वर्ष वेंडेलकडे राहिलं असतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

पण सहा वर्षं त्याच्या कानात जे येई ते तो पुढे सांगत आला होता. कोचचा डाव पटो न पटो, पदरचं काही घालायचं नाही. ठिपकेवाला आपली अक्कल लढवायला लागला की दहा जण दहा दिशांना पळतात. आणि या फळीला सिओने हवा होता. हे त्याला सिओने आत येताना बघूनच कळलं होतं, आणि ते आता कळलं नाही असं करणं त्याला जमेना.

"ये," तो म्हणाला. "फीनिक्सला तुझ्याशिवाय चालेल. इथे नाही चालायचं."

सिओनेने मान खाली घातली. वेंडेलने मासळी बाजूला सारली आणि कामाचं सांगायला सुरुवात केली. पेट्राकिस रागावला की भरभर बोलतो, तेव्हा पहिला शब्द पकडायचा, बाकीचं सोडून द्यायचं. चेंडू सुटायच्या जरा आधी रेडिओ आपोआप बंद पडतो, तेव्हा कडेला बघत बसायचं नाही, त्यानंतर कोच तू. आणि डावीकडच्या ओकाफोरला गर्दीच्या गलक्यात काही ऐकू येत नाही. तो ऐकलं म्हणून मान हलवतो, पण ऐकलेलं नसतं. त्याच्या पाठीत थाप मारायची आणि बोटाने दाखवायचं. सिओनेने सगळं ऐकलं. निघताना त्याने वेंडेलचा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ सोडला नाही. पोराला वाईट वाटलं असेल जीभ घसरल्याचं, असं वेंडेलला वाटलं.

घरी जॅनेलने सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू त्याला ये म्हणालास."

"विचारलं त्याने."

"शहाणा गं बाई माझा. स्वतःचं मुंडकं कापून ताटात वाढून आलास, वर लिंबूही पिळलं असशील." मग ती उठली आणि त्याच्या गुडघ्यासाठी बर्फाची पिशवी घेऊन आली. तिने ती नेहमीपेक्षा जोरात ठेवली.

सिओनेने दुसऱ्या दिवशी सही केली. दुपारी हॉलिस्टरने वेंडेलला बोलावून घेतलं. तो फार आदराने बोलला. टोलेडो हे वेंडेलचं कायमच कुटुंब राहील, असं त्याने दोनदा सांगितलं. या धंद्यात व्यवस्थापकाच्या तोंडून कुटुंब हा शब्द निघाला की समजावं, आपलं सामान बाहेर ठेवलेलं आहे. वेंडेलने एकच विचारलं, त्याला जेवायला न्यायला मलाच का पाठवलंत?

हॉलिस्टर खरोखर गोंधळला. "अरे, कप्तानानेच न्यायचं ना. पद्धत आहे. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

वेंडेलला ते पटलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. कुणी दुष्टपणाने केलं असतं तर निदान त्याची आठवण तरी कुणी ठेवली होती असं झालं असतं. सामानखोलीतून त्याला त्याचं हेल्मेट आठवण म्हणून मिळालं. आतला रेडिओ काढलेला होता आणि मागचा ठिपका खरवडलेला. तिथे थोडा चिकटा राहिला होता.

आता मोकळा खेळाडू तो होता. त्याची एजंट लॉरेटा रोज फोन करून सांगे की फोन येतील. घर इतकं शांत झालं होतं की वेंडेलने मार्चातच गवत कापायचं यंत्र साफ करून ठेवलं. मग टल्साहून बोलावणं आलं. पेट्राकिसच्या हाताखाली शिकलेला ब्रॅनिगन तिथे बचावाचा मुख्य झाला होता आणि त्याला डाव ओरडून सांगणारा जाणता माणूस हवा होता. "ठिपका तुझा," लॉरेटा म्हणाली. "तिथे आत्ता ज्याच्याकडे आहे त्याचं काय करायचं ते त्यांचं ते बघतील. आणि संघ चांगला आहे, वेंडेल. यंदा बाद फेरीत काहीतरी करून दाखवतील." हेच तर हवं होतं. जॅनेलने त्याची पिशवी भरून दिली.

जायच्या आधी त्याने टल्साचे गेल्या हंगामातले सामने लावून बघितले. हे सगळेच करतात. नव्या घरी जायचं तर त्यांचा बचाव कसा उभा राहतो, कोण कुठे चुकतो, हे न बघता कुणी विमानात बसत नाही. पडद्यावर टल्साचे अकरा जण पाठमोरे उभे होते आणि मधल्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका होता. नंबर बावन्न, कोल्बी हँकॉक, नेब्रास्काचा. वेंडेलने चित्र तिथेच थांबवलं.

सिओनेनेही टोलेडोला यायच्या आधी टोलेडोचे सामने बघितले असणार. एक नाही, सगळे. वेंडेलच्या डोक्यामागचा ठिपका त्याने शंभरदा बघितला असणार. कुणाकडे असतो हे त्याला विचारायची गरजच नव्हती.

म्हणजे जीभ घसरली नव्हती. हॉलिस्टरच्या तोंडून ऐकायच्या आधी हे आपल्यातल्याच एकाच्या तोंडून कळावं, म्हणून त्याने विचारलं होतं. एवढंच करून तो थांबलाही नव्हता. तू नको म्हणालास तर जातो, असं म्हणून त्याने सगळं वेंडेलच्या हातात दिलं होतं, आणि वेंडेल इतके दिवस त्याला मनातून सैल जिभेचा म्हणत होता. अकरा वर्षं या खेळात लोकांना अंगावर घेतलं, पण इतक्या मोठ्या मनाचा माणूस समोर बसून लोणी लावत होता आणि ते त्याला दिसलं नाही, याची त्याला लाज वाटली.

टल्साच्या विमानतळावर कोल्बी स्वतःचा ट्रक घेऊन आला होता. तिथलीही पद्धत तीच. त्याने वेंडेलची पिशवी उचलून मागे टाकली आणि हॉटेलला पोचेपर्यंत एकदाही तोंड मिटलं नाही. इथल्या बरगड्या अशा भाजतात की हाड हातात राहतं आणि मांस खाली पडतं. शहर छोटं आहे पण माणसं जीव लावतात. बायकोला दुसरं मूल होणार आहे, आत्ताच घर घेतलंय. आणि शेजारी एक जाणता माणूस द्या म्हणून तो ब्रॅनिगनच्या किती मागे लागला होता.

"लोक म्हणाले, वेंडेल ऍडकिन्स म्हातारा झाला," टेबलाशी बसल्यावर तो हसत म्हणाला. "मी म्हटलं, तुम्ही आणा तर खरं. मी आणि तो शेजारी उभे राहिलो ना, मग बघा." आणि ते दाखवायला त्याने टेबलावरच्या सॉसच्या दोन बाटल्या ओढून शेजारी शेजारी ठेवल्या.

वेंडेलने त्या बाटल्यांकडे बघितलं. गप्प बसणं सोपं होतं. सकाळी सही करावी, बाकीचं त्यांचं ते बघतील. ते एक वर्ष आता बशीत वाढून समोर आलं होतं, आणि ते हवं नाही असं तर मुळीच नव्हतं.

गरम पाव आला. त्याने एक उचलला, सुरी घेतली आणि त्याला लोणी लावू लागला.

"हिरवा ठिपका सध्या इथे कुणाकडे असतो?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे," कोल्बी म्हणाला, आणि अभिमानाने जरा ताठ बसला.

वेंडेलने सुरी खाली ठेवली.