बहिणीची सही

विमानतळावरून आणलेल्या बाईंचं सिराजुद्दीनला काही खरं वाटेना. गादीवर हक्क सांगणारी बाई, आणि सोबत एवढीशी बॅग? गाडी सौदीतल्या यान्बूच्या रस्त्याला लागली तरी त्याचा एक डोळा आरशावरच होता.

तशी ताकीदच होती त्याला. त्याचे साहेब कास्पर, रिफायनरीचे सल्लागार, युरोपातल्या एका चिमुकल्या देशाचे राजपुत्र. राज्य केव्हाच बुडालं होतं, पण आता लोक राजा परत आणायचं म्हणत होते आणि गादी कोणाची यावरून भावाबहिणीत जुंपली होती. "माझी बहीण हेडविग पोटात शिरून माहिती काढेल हं," साहेबांनी बजावलं होतं. सिराजुद्दीन श्रीवर्धनचा. भाऊबंदकी त्याला कोणी शिकवायला नको होती.

"माझा भाऊ बरा आहे ना?" बाईंनी विचारलंच.

"आहेत," तो तुटकपणे म्हणाला.

"वीस वर्षांनी त्याने बोलावलं. आमच्या आईची शाल पाठवली." त्यांनी डोळे टिपले. टिपू देत, त्याला वाटलं, रडणारी माणसं कोर्टातही खूप बघितलीत.

घरी साहेबांनी बहिणीला मिठी मारली. खजूर झाले, कहवा झाला, लहानपणीच्या गप्पा झाल्या, मग हळूच कागद निघाला. "आजोबांच्या कबरीची दुरुस्ती आहे. तू थोरली, तुझी सही लागते. साक्षीला सिराज आहेच."

थोरली? हे साहेब कधी बोलले नव्हते. सिराजुद्दीनने कागद ओढून घेतला. त्याचं इंग्रजी कामापुरतं, पण एक ओळ त्याला स्वच्छ कळली: गादीवरचे सर्व हक्क मी सोडत आहे.

हा डाव त्याच्या ओळखीचा होता. पाच वर्षांपूर्वी रेशमी कपडा आणि अत्तर घेऊन तो बहिणीकडे, मुन्नीकडे गेला होता. घरदुरुस्तीचा कागद म्हणून त्याने तिच्याकडून नारळाच्या बागेतला हक्क सोडल्याची सही घेतली होती.

"मॅडम, सही करू नका," तो म्हणाला. "यात तुम्ही गादी सोडताय."

साहेब आधी लालबुंद झाले, मग हसले. "हा मला शहाणपण शिकवणार! तबूकच्या वाटेवर यानेच फुशारकी मारली होती, बहिणीला कसं गुंडाळलं म्हणून. शाल पाठवायचं मला तिथेच सुचलं."

सिराजुद्दीनला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी पेन खाली ठेवलं. भावाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, त्या सिराजुद्दीनकडेच बघत होत्या.

"तुमच्या बहिणीला कळलंय?"

"नाही," तो म्हणाला. "अजून दर ईदला फोन करते. दुवा देते मला."