अप्पांचे मोकळे हात

जोतीरामनं दारात रद्दी पेटवली आणि हलगी जाळावर शेकत धरली. कातडं तापलं तसं टिचकी मारून बघितलं. खणखणीत!

"अप्पा, ठेव ती," अस्मिता म्हणाली. "आज तू वाजवायची न्हाय."

"मग कोण वाजवणार? तुझा मामा?"

पेठेत गुलाल कुणाचाही असो, कुस्तीचा नाहीतर निवडणुकीचा, मिरवणुकीपुढं हलगी जोतीरामची. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या आनंदात वाजवत काढला. त्याला गुलाल लावायचं मात्र कधी कुणाला सुचलं नाही. आज त्याचीच लेक फौजदार झाली होती. तरी हलगी त्यानंच बडवायची? अस्मिताला ते सहन होईना.

त्यात मिरवणूक वर्षाराणीच्या दारावरून जाणार. अभ्यासिकेत दोघी एका टेबलाला बसलेल्या, एका डब्यात जेवलेल्या. मार्क वर्षाराणीला जास्त पडले, पण खुल्या गटात ती थोडक्यात हुकली. अस्मिता राखीव जागेवर लागली. निकालापासून वर्षाराणीनं तिचा फोन उचलला नव्हता.

"त्या गल्लीतनं नको जायला, अप्पा."

"का? चोरी केलीयास व्हय?"

चोरी केली नव्हती, हे अस्मिताला पक्कं ठाऊक होतं. पण जिवाभावाची मैत्रीण तुटली, त्याचं दुःख तेवढ्यानं कमी होत नव्हतं.

तेवढ्यात वर्षाराणीच आली. डोळे सुजलेले. अस्मिताकडं न बघता तिनं पोत्यातला मूठभर गुलाल उचलला आणि जोतीरामच्या कपाळाला, गालांना फासला. मग त्याच्या हातातली हलगी काढून घेतली.

"काका, आज तुमचं हात मोकळं पायजेत."

"तुला येती का वाजवायला?"

"न्हाय येत."

मिरवणूक निघाली. पुढं वर्षाराणी, जीव खाऊन हलगी बडवणारी. ताल कुठल्या कुठं! तालमीची पोरं हसायला लागली. जोतीरामची बोटं मांडीवर आपोआप खरा ताल धरत होती.

अस्मिता तिच्याजवळ गेली. "अगं, हळू की. फाटंल ती."

"मला राग आलाय, अस्मे. तुझा न्हाय... तुझाबी. कुठं काढू मग?"

मागून गुलालानं माखलेला जोतीराम म्हणाला,

"काढ, पोरी. फाटली तर दुसरी मढवू."

वळणावर वर्षाराणीचं घर आलं. तिची आई दारात उभी होती. वर्षाराणी थांबली नाही. तिनं हलगीवर आणखी जोरात टिपरू मारलं.