फिका पडणारा फिरोजा

हकीम हिकमतुल्लोच्या अंगणात सकाळपासून बायकांची रीघ लागली होती. प्रत्येकीच्या हातात निळा झालेला कापूस आणि चेहऱ्यावर समाधान.

"बघा, आपा, बघा!" हकीम गरजला. "परवा फिरोजा गडद होता, आज फिका. तुमचा आजार दगडानं प्यायला आणि दर्ग्याच्या पाण्यानं कापसात उतरला. डॉक्टरनं कधी दाखवलाय आजार असा उघड्या डोळ्यांना?"

"छे! तो नुसत्या चिठ्ठ्या लिहितो," एक म्हातारी म्हणाली.

मुनव्वर आईशेजारी उभी होती. वडील वसंतात गेले. आणि हकीमाचा दगड घातल्यापासून, बारा दिवस, आईनं रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती.

अंगावर घालणारा आजारी पडला की फिरोजा फिका पडतो, हे ताजिकिस्तानातल्या या खुजंद शहरात पाळण्यातलं पोरही सांगेल. मुनव्वरचे वडीलही सांगत. बस चालवायचे; सुटीला डोंगरातून दगड वेचून आणायचे, जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर घासून शेजारणींना कानातली करून द्यायचे. फिरोजा घाम आणि तेल शोषतो म्हणून रंग बदलतो, असंही ते पुढे सांगत. ते पुढचं मात्र कुणी ऐकून घेतलं नाही.

हकीम मोठा दयाळू. नवा दगड विकताना घरातले जुने फिरोजे 'मेलेले' म्हणून स्वतःच घेऊन जाई. अगदी फुकट! आईनं वडिलांचे सगळे दिले होते.

"हकीमसाहेब, तुमच्या विक्रीच्या तबकातला एक फिरोजा देता?" मुनव्वरनं विचारलं. "कुणी न घातलेला."

"घे, बेटी."

तिनं दर्ग्याच्या पाण्यात कापूस बुडवला. सलून चालवणारी शोइरा नाक वर करून म्हणाली, "अगं बाई, हा तर माझ्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास!"

मुनव्वरनं दगड पुसला. कापूस निळाशार.

"याला कुठला आजार झालाय? हा तर अजून कुणाच्या अंगालाही लागला नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"परीक्षा घेतली की बरकत जाते!" हकीम ओरडला.

मुनव्वर तोवर तंदूरजवळ पोचली होती. तिथल्या सुरीला धार लावायच्या दगडावर पाणी टाकून तिनं ती निळाई घासली, वडिलांसारखी, गोल गोल, घाई न करता. वरचा पापुद्रा गेला. आत खडूसारखा पांढरा दगड.

"स्वस्तातला दगड, वरून रंगवलेला," ती म्हणाली. "रंग काढायचं औषध त्यांचं आणि निघालेला रंगही त्यांचाच. बाबांचे खरे फिरोजे मात्र 'मेलेले' म्हणून नेले."

आई कापसाकडे बघत राहिली. "मग माझा आजार?"

"तुझ्याजवळच आहे, आई. तो कुठेही गेला नाही."

मुनव्वर बायकांकडे वळली. "दगड वेचा, घासा, दागिने करून हौसेनं मिरवा. पण दुखणं डॉक्टरला दाखवा. आणि जो 'तपासू नका' म्हणतो, त्याला सगळ्यात आधी तपासा."

आई हकीमापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं ओंजळ पसरली.

"माझे मेलेले दगड द्या परत. मेलेल्यांबरोबर राहायची सवय होतेय मला."

सगळे दगड मोजून घेतल्यावर तिनं ते ओढणीआड न लपवता लेकीच्या हातात ठेवले.

"चल. आधी दवाखाना."