टाचेवरची गाठ

मी कोलेस्टेरॉलचा शास्त्रज्ञ आहे. किती मोठा? तर लग्नात माझ्या पंगतीला बसलेली माणसं जिलेबी तोंड फिरवून खातात, एवढा मोठा. पुण्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. काही घराण्यांत यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलताच येत नाही. मग माणूस काटकुळा असो, भाजीभाकरीवर जगणारा असो, त्याच्या रक्तवाहिन्या ऐन उमेदीत तुंबतात. त्याची एक खूण टाचेमागच्या जाड धोंडशिरेवर दिसते. तिथे गाठी येतात. अशा सहाशे चाळीस टाचांचे फोटो माझ्या संगणकात आहेत. बायको आरती म्हणते, "तुम्हाला माणसं तोंडावरून कमी आणि टाचेवरून जास्त ओळखू येतात."

आमचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी उसाला पाणी धरताना कोसळले. गाव म्हणालं, टेन्शन. मीही टेन्शनच म्हणालो आणि लोकांच्या वडलांवर शोधनिबंध लिहीत बसलो. आता मीच सेहेचाळीसचा झालोय.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला गावी, देवळालीला गेलो. थोरला भाऊ गोरक्षदादा शेतातून येऊन ओट्यावर पाय धूत होता. मी नमस्कार केला. माझा नमस्कार शहरी, दादाच्या गुडघ्यापर्यंत हात नेतो आणि परत आणतो. पण या वेळी खिशातला चष्मा निसटला आणि नेमका त्याच्या टाचेमागे जाऊन पडला. उचलायला मी खाली बसलो, आणि चष्म्याआधी टाचेमागची गाठच दिसली.

"दादा, ही गाठ कधीपासून आहे?"

"ती व्हय? गमबूट घासतोय. लई वर्सं झाली."

"दोन्ही पायांना?"

"गमबूट दोन असत्यात," दादा म्हणाला.

मी म्हटलं, भाऊबीज झाली की श्रीरामपूरला जाऊन रक्त तपासू. दादा उखडलाच. "मला काय धाड भरलीय? तीन एकर ऊस एकटा बगतो मी. तुज्यावानी जिन्यात धापा टाकत न्हाई."

मग मी मोबाईल काढून रंगीत आकृत्या दाखवल्या. परदेशात या आकृत्यांना टाळ्या पडल्या होत्या. दादाने जांभई दिली. शेवटी मी ओरडलोच. "अरे, बाबांना हेच झालं असणार! तुला काही झालं तर मी काय करू?"

दादाने माझ्या मोज्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "तुजं बगितलं का?"

"माझं काय बघायचं? मी तर..." पुढे काय बोलणार होतो, देव जाणे. एकोणीस वर्षांत मी हजारो लोकांचं रक्त तपासलं होतं, स्वतःचं एकदाही नाही. लोकांना 'सुईला घाबरू नका' म्हणून समजावणारा मी सुई दिसली की तोंड फिरवतो.

"भावजी, काढा मोजे," वहिनी दारातून म्हणाली.

दादाने माझा पाय सरळ मांडीवर घेतला आणि टाचेमागून अंगठा फिरवला. "हाय की. दोन्हीला हाय."

टाच दुखते म्हणून मी दोन वर्षांत तीन बूट बदलले होते. दुकानदाराशी तावातावाने भांडलोही होतो. आणि दादाच्या गमबुटाला मनातल्या मनात हसलो होतो. धन्य माझी!

"तू टोचून घेणार आसशील तर मी बी घेतो," दादा म्हणाला.

भाऊबीज झाल्यावर श्रीरामपूरला एका बाकावर आम्ही दोघं उपाशी बसलो. चहा नाही म्हणून दादा माझ्यावर डाफरत होता. सुई टोचताना मी त्याचा हात धरला, हे इथेच कबूल करतो. दुपारी रिपोर्ट आले. वाईट कोलेस्टेरॉल माझं दोनशे सत्त्याऐंशी, दादाचं तीनशे बारा.

"थोरला हाय मी," दादा म्हणाला.

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. मला गोळ्यांवर सोडलं. दादाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. दुसऱ्याच दिवशी ती उघडून आत स्टेंट बसवावा लागला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऊसतोड येईपर्यंत हे टिकले नसते. कोणाच्या लक्षात आलं?" मी म्हटलं, माझ्या. आणि जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. दरसाल दिवाळीला मी त्या टाचांपासून हातभर अंतरावरून परत येत होतो.

घरी सोडायच्या दिवशी दादा कॉटवरून पाय खाली सोडून बसला होता. पुतणी सृष्टी आणि माझा मुलगा करण तपासणीला रक्त द्यायला खाली गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. मी वाकलो, पार फरशीपर्यंत वाकलो आणि त्याच्या पावलांवर डोकं टेकवलं.

"किती बगशील?" दादा म्हणाला. "काड तुजा फोटू आन् ऊठ."

मी काही बघत नव्हतो. मला नुसतं रडू येत होतं.