हनुवटीखालचा पत्रा

मी पत्रा बोलतोय. गाडीच्या नाकाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसणारा. मला तुम्ही पाहिलं नसेल. पाहिलं असेल ते माझ्या दादाला, मागे डिकीवर दोन पायांवर उभ्या असलेल्या लाल पंखाला. त्याला सगळेच पाहायचे.

आम्ही दोघं एकाच पत्र्यातले. इतवारीत ताराचंद धान्याच्या कोठ्या बनवायचा. प्रताप नगरात गॅरेज चालवणाऱ्या वसंतने त्याच्याकडून दादाला कापून घेतलं, विमानाच्या पंखासारखं वाकवलं आणि गाडीवर उलटं बसवलं. विमानाचा पंख वाऱ्यावर विमानाला वर उचलतो. तोच उलटा केला की वारा गाडीला खाली दाबतो.

ताराचंद हसला. "काहून गा वसंता, गाडी उडवून राहिला का?"

"उडू नये म्हणून तर लावून राहिलो, काका."

गाडी म्हणजे एका जुन्या मोटारीचं छप्पर कापून केलेली दोन सीटची. शहराबाहेरच्या पडीक धावपट्टीवर दरवर्षी शर्यत व्हायची. वसंतला ती जिंकायची होती.

दादा लागला आणि मागची चाकं रस्त्याला चिकटली. पण वेग वाढला की नाकाखाली वारा शिरायचा आणि पुढची बाजू उचलू लागायचा. मागून दादा दाबायचा, त्यामुळे पुढचं आणखीच हलकं. स्टिअरिंग हातात भिजलेल्या कागदासारखं लागायचं. वळवलं तरी गाडी सरळ जायची. तेव्हा वसंतने उरलेल्या तुकड्यातून मला कापलं. खाली आडवं उभं राहायचं आणि वाऱ्याला आत शिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

म्हणजे मी धाकटा, आणि तोही उरल्यासुरल्यातून झालेला.

दादाला लाल रंग मिळाला. मला डब्याच्या तळाशी राहिलेला काळा. गल्लीतली पोरं त्याच्यावर हात फिरवायची, माणसं त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढायची. माझ्या वाट्याला खडी, शेण आणि एक कुत्रं, जे रोज सकाळी नेमाने माझ्याकडेच यायचं. मला वाटायचं, एखाद्या दिवशी दादा निखळून पडावा, मग लोक खाली वाकून बघतील.

फक्त वेगात असताना मी त्याच्यावरचा राग विसरायचो. तो मागून दाबायचा, मी पुढून वारा अडवायचो, आणि गाडी दोन्हीकडून सारखी बसायची. तेवढ्यापुरते आम्ही भाऊ.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. वसंतच्या बायकोने, कौसल्याने, दादाला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग ती माझ्याकडे वाकली.

"राहू दे वं," वसंत म्हणाला. "तिथं ग्रीस लागते हाताले."

ती उठली. तो हार संध्याकाळपर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

पूजेनंतर वसंतला गाडीतूनच सोनं द्यायला इतवारीत जायचं होतं. तिथल्या अरुंद गल्ल्या, प्रत्येक दारापुढे नाली, आणि प्रत्येक नालीवर मी घासणार. म्हणून त्याने बोल्ट काढून मला गॅरेजच्या खिळ्यावर टांगलं. आपट्याची पानं वाटून गाडी परत आली. मी तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो धावपट्टीवर सरावाला निघाला. ताराचंदही बघायला आला होता.

"तो पुढचा पत्रा राहिला ना," कौसल्या म्हणाली.

"एक चक्कर मारून येतो, मग लावतो."

"मागचा आहे ना गा," ताराचंद म्हणाला. "पुढच्याले कोण पाहते?"

मला ते फार लागलं. मनात म्हटलं, जा. कळेल.

गाडी टेम्पोवर परत आली, चेपलेली. तिथे काय झालं, ते मी ऐकलेलं सांगतो. धावपट्टीच्या टोकाला वसंतने स्टिअरिंग वळवलं. पुढची चाकं वळली, गाडी वळली नाही. ती तशीच चरात गेली आणि उलटली. तिचं सगळं ओझं दादाने आपल्या दोन पायांवर घेतलं. तो चपटा झाला, पण त्याच्यापुढे जेवढी पोकळी राहिली, तेवढ्यात वसंतचं डोकं वाचलं. पाय मोडला.

गॅरेजमध्ये माणसं जमली. जो तो म्हणे, त्या लाल पंखानंच घात केला. कौसल्या रडत म्हणाली, "काका, ते भंगारात टाका. माह्या डोळ्यासमोर नको." ताराचंदने दादाला हातगाडीवर टाकलं. हार अजून त्याच्या एका टोकाला गुंतलेला होता.

ज्याला लोकांनी नावं ठेवावीत असं मला आयुष्यभर वाटत आलं, त्याला आता सगळे नावं ठेवत होते, आणि माझ्याच्याने ते ऐकवेना. मी खिळ्यावर होतो. मला तोंड नव्हतं.

पुढे वसंत काठीच्या आधाराने गॅरेजात आला, तेव्हा तो माझ्यासमोर थांबला.

"त्या पंखाची चूक नाही वं," तो कौसल्याला म्हणाला. "हा घरी राहिला होता."

तिने पहिल्यांदा मला नीट पाहिलं. यंदाच्या दसऱ्याला मला कुंकू लागलं, हारही मिळाला. गाडी विकली गेली. मी अजून खिळ्यावर आहे. हव्या होत्या त्या सगळ्या गोष्टी मिळाल्या आहेत, आणि त्यातली एकही मला नको आहे. तो हार त्याचा आहे.

तुम्हाला कुठे मागे उंच पंख लावलेली गाडी दिसली, तर वर पाहून झाल्यावर एकदा खाली वाका. नाकाखाली कोणी आहे का बघा. नसेल, तर त्याला लगेच बसवा. वरचा एकटाच जोर लावत असेल.