बिनमिशीचा सोंगाड्या

"मिशी तरी लाव, अक्का," प्रेमराज काकुळतीला येऊन म्हणाला.

चारुलता आरशासमोर बसून गालांना पावडर थापत होती. "कसाले? इनोद काय मिशीमा ऱ्हास का?"

"बाईना तोंडना इनोद लोके आयकतस नही. बाईले देखतस."

"देखू दे. देखी देखी दमनात म्हनजे हासतीन."

प्रेमराज तिचा धाकटा भाऊ, आणि धनसिंग दोंडाईचेकर लोकनाट्य मंडळाचा नवा मालक. खुद्द धनसिंगआबांना, त्यांच्या वडिलांना, महिन्यापूर्वी लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ज्या जिभेनं दोन जिल्ह्यांना पोट धरून हसवलं, ती आता पाणीसुद्धा मागू शकत नव्हती. फड म्हणजेच घर, म्हणून आबा फडाबरोबरच होते, स्टेजमागच्या राहुटीत खाटेवर पडून.

चारुलताची आजी फडात, आई द्रौपदाबाई फडात. तिच्या पायात चाळ आधी आले, चप्पल नंतर. वयात आल्यापासून ती बतावणीत, वगाआधीच्या विनोदी सवालजबाबात, बापासमोर उभी राहिली. काम एकच, विचारायचं. "मंग काय व्हयनं?" ती विचारी, आबा उत्तर देत आणि टाळ्या आबांना पडत. चाळिशी उलटली तशी तिची रवानगी मागे, सूर ओढणाऱ्या झीलकऱ्यांच्या रांगेत झाली. कोणी वाईट वागलं नाही. बाईचं असंच असतं, एवढंच म्हणाले. हे 'असंच असतं' मात्र तिच्या भलतंच डोक्यात जाई.

आता आबांची, सोंगाड्याची जागा रिकामी होती. प्रेमराजनं दुसऱ्या फडातल्या वना नावाच्या सोंगाड्याशी बोलणं केलं होतं आणि तो उद्या येणार होता. म्हणजे तिला मिळाला तर आजचाच एक खेळ. नाहीतर पुन्हा मागची रांग, ती थेट मरेपर्यंत. दुपारी तिनं आबांना विचारलं. आबांनी चांगला हात जोरानं हलवला. नाही. तिला ते लागलं. पण जन्मभर बापाचं ऐकलं होतं, एकदा नाही ऐकलं तर काही आभाळ कोसळणार नव्हतं.

मुक्ताईनगरकडचं केळीपट्ट्यातलं गाव, जत्रेची गर्दी. चारुलता नऊवारी वर खोचून, तिरपा फेटा बांधून आली आणि मैदान गप्प झालं. पहिला विनोद पडला. दुसराही पडला. तिला प्रश्न विचारायचे होते प्रेमराजनं. त्या पठ्ठ्याची दातखीळ बसली होती. तो ढोलकीवाल्याकडे बघत उभा राहिला.

पुढच्या रांगेतला एक पांढऱ्या टोपीचा गृहस्थ उठला. "ते राहू दे वं बाई, नाचून दाखव ना."

शिट्ट्या झाल्या. चारुलताच्या अंगाची लाहीलाही झाली, पण ती हसतच स्टेजच्या कडेला आली.

"भाऊ, मना नाच आधी देखेल शे का?"

"वीस वर्सांपासून पाहून राह्यलो."

"मंग घर काय सांगीसन येतस?"

टोपीवाला टोपी सारखी करू लागला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाज आला. "केळीले पानी देवाले जातो म्हने. आजबी तेच सांगून आला." ती त्याचीच बायको होती.

चारुलतानं कपाळाला हात लावला. "वीस वरीस पानी? मावशी, एकदाव बागमा जाईसन देखा. केळीना घडले आते मासा लागेल व्हतीन."

आधी बायका हसल्या. एरवी अशा खेळाला तोंडाला पदर लावून बसणाऱ्या बायका, पदर सोडून हसल्या. मग अख्खं मैदान हसलं. टोपीवाला क्षणभर चरफडला, मग स्वतःच हसत मटकन खाली बसला. त्या हसण्यानं प्रेमराजची वाचा परत आली. "मंग काय व्हयनं, सोंगाड्या?" असा प्रश्न आपल्याला कोणी विचारतंय, हे चारुलता आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. त्यानंतर तिनं गावाला दम घेऊ दिला नाही.

बतावणी संपवून ती आत आली तेव्हा प्रेमराज फोनवर बोलत होता. "वना, तू उद्या येऊ नको." तिच्याकडे न बघता त्यानं फोन खिशात टाकला. ती सरळ राहुटीत गेली.

आबा जागे होते. कनातीपलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"आबा, आते तुमी हात हालाडा नही तर पाय हालाडा, मी काय थांबस नही."

आबांनी हात हलवला नाही. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली, आणि तिच्यातून लाळ ओघळली. चारुलतानं ती पदरानं टिपली. बाहेर वगासाठी ढोलकीवर थाप पडली, तशी ती फेटा सावरत उठली.